सरासरी हिरवी, गेटवर रांग: लोड टेस्टचा रिपोर्ट नीट कसा द्यायचा

हा आपल्या एपिसोडचा लिखित अवतार. ज्यांनी ऐकलाय त्यांनीही आकड्यांचा भाग एकदा नजरेखालून घाला, कारण आकडे कानाने पटकन कळत नाहीत.

आजचा विषय ऐकायला कोरडा आहे: लोड टेस्ट झाल्यावर निकाल बाहेर कसे काढायचे आणि लोकांसमोर कसे मांडायचे. पण याच कामात केलेल्या आळशीपणामुळे मी एकदा सकाळी सात वाजता चाकणला एका कंपनीच्या गेटवर मान खाली घालून उभा होतो. आधी ते सांगतो.

गेटवरची सकाळ

गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीसाठी आमच्या टीमने गेट एंट्रीचं अ‍ॅप केलं होतं. सप्लायरचा ट्रक आला की ड्रायव्हर मोबाइलवर इनव्हॉइस नंबर टाकणार, टोकन मिळणार, ट्रक आत. चाकण पट्ट्यात बऱ्याच ठिकाणी माल साठवून ठेवत नाहीत. लागेल तसा मागवतात. म्हणजे ट्रक गेटवर अडला की थोड्या वेळाने आतली लाइनही अडणार.

लोड टेस्ट आम्ही जेमीटरवर केली होती. त्यातल्या समरी रिपोर्टची शेवटची ‘टोटल’ची ओळ स्क्रीनशॉट काढून पीडीएफमध्ये चिकटवली. सरासरी वेळ 1.17 सेकंद. क्लायंटचे साहेब खूश, आम्ही खूश. त्याच ओळीत ‘मॅक्स’चा कॉलम होता आणि त्यातला आकडा मोठा होता. “एखादी रिक्वेस्ट असेल, जाऊ दे,” म्हणून आम्ही तो कापला.

सोमवारी अ‍ॅप सुरू झालं. पहिल्या शिफ्टला ट्रकची रांग गेटबाहेर रस्त्यापर्यंत. एक ड्रायव्हरकाका फोन माझ्यासमोर धरून म्हणाले, “साहेब, हे नुसतं गोल गोल फिरतंय. आत सोडा ना.” शेवटी सिक्युरिटीवाल्या मामांनी जुनं रजिस्टर काढलं आणि पेनाने नोंदी सुरू केल्या. रांग हलली.

1.17 सेकंद कुणाचे?

आता गणित बघा. समजा 100 रिक्वेस्ट गेल्या. 90 रिक्वेस्टना 300 मिलिसेकंद लागले, 10 रिक्वेस्टना 9 सेकंद. सरासरी येते 1.17 सेकंद. पण 1.17 सेकंदात उत्तर मिळालेली रिक्वेस्ट यात एकही नाही!

आणि त्या दहा रिक्वेस्ट कोणत्या होत्या? ड्रायव्हरच्या एका एंट्रीमागे अ‍ॅप सर्व्हरला दहा कॉल करत होतं. नऊ झटपट, आणि सप्लायरच्या ऑर्डरची यादी आणणारा एक कॉल 9 सेकंदांचा. म्हणजे दहातला एक ड्रायव्हर नाही, प्रत्येक ड्रायव्हर अडकत होता.

म्हणून पर्सेंटाइल बघायचा. एमएचटी-सीईटी दिलेल्यांना हा शब्द नवीन नाही. 95 वा पर्सेंटाइल 9 सेकंद म्हणजे 95 टक्के रिक्वेस्ट 9 सेकंदांत किंवा त्याआधी संपल्या. आमच्या आकड्यांत 90 वा पर्सेंटाइल 300 मिलिसेकंद आणि 95 वा 9 सेकंद. दुखणं तिथेच दिसलं असतं. जेमीटरच्या समरी रिपोर्टमध्ये पर्सेंटाइल नसतात; अ‍ॅग्रिगेट रिपोर्टमध्ये असतात.

अजून एक गंमत. समजा त्या दहापैकी पाच रिक्वेस्ट सर्व्हरने 20 मिलिसेकंदांत एरर देऊन परत पाठवल्या. सरासरी किती? 0.72 सेकंद. सिस्टिम बिघडली आणि सरासरी सुधारली! “नाही” म्हणायला सर्व्हरला वेळ लागत नाही. त्यामुळे एररचं प्रमाण नेहमी वेगळं लिहा आणि यशस्वी रिक्वेस्टचा वेळ वेगळा.

खरा लोड सभ्य नसतो

16 जुलै 2021 आठवतोय? कोरोनामुळे दहावीची परीक्षा रद्द झाली होती, निकाल अंतर्गत मूल्यमापनावर लागला, 99.95 टक्के. दुपारी 1 वाजता निकाल खुला झाला आणि बोर्डाच्या वेबसाइट कित्येक तास बंद पडल्या. 15 लाखांहून जास्त विद्यार्थी. पण वेबसाइटपुढे आलेला आकडा तेवढाच नसतो. एका निकालासाठी पोरगा, आई, मामा, क्लासचे सर, सगळे बघतात. आणि पान उघडलं नाही तर काय करतात? रिफ्रेश. परत रिफ्रेश.

आमच्या गेटवरही तेच झालं. टेस्टमधला आभासी युजर उत्तर येईपर्यंत शांत बसतो. ड्रायव्हरकाका बटण चार वेळा दाबतात. म्हणून रिपोर्टमध्ये “500 युजर” एवढंच लिहून भागत नाही. ते किती वेळात आले, मध्ये थांबले का, उत्तर आलं नाही तर परत पाठवत होते का, हे लिहा.

कच्ची फाइल जपा

आमची सगळ्यात मोठी चूक वेगळीच होती. नेमका कोणता कॉल हळू आहे हे शोधायला बसलो, तर हातात फक्त पीडीएफ. जेमीटरमध्ये निकाल लिहायच्या फाइलच्या नावाची जागा आम्ही रिकामी ठेवली होती. खिडकी बंद, निकाल गायब. अख्खी टेस्ट पुन्हा चालवावी लागली, तोवर गेटवर दोन दिवस रजिस्टरच चाललं.

म्हणून हे पाठच करा:

1. टेस्ट बनवायला खिडकीवालं जेमीटर, चालवायला कमांड लाइन. डॅश एन म्हणजे खिडकी नको, डॅश टी नंतर टेस्टची फाइल, डॅश एल नंतर निकालाची जेटीएल फाइल. ही साधी सीएसव्ही असते, एका रिक्वेस्टला एक ओळ: कधी गेली, किती वेळ लागला, कॉलचं नाव काय, यश की एरर.

2. त्याच कमांडला डॅश ई, आणि डॅश ओ नंतर फोल्डरचं नाव जोडलं की आलेखांसकट एचटीएमएल रिपोर्ट तयार. फोल्डर रिकामं हवं, नाहीतर जेमीटर अडतं. विसरलात तरी चालेल. कच्ची फाइल असेल तर डॅश जी वापरून रिपोर्ट नंतरही काढता येतो. उलटं होत नाही. रिपोर्टवरून कच्ची फाइल परत मिळत नाही.

3. के-सिक्स वापरत असाल तर शेवटचा गोषवारा स्क्रीनवर येतो आणि टर्मिनल बंद केलं की गेला. आउट हा पर्याय देऊन सीएसव्ही किंवा जेसन फाइलमध्ये निकाल लिहून घ्या.

4. एक्सेलपासून जपून. एका शीटमध्ये 10,48,576 ओळीच मावतात. सेकंदाला 200 रिक्वेस्टची टेस्ट दीड तास चालली की 10,80,000 ओळी झाल्या. एक्सेल फाइल पूर्ण उघडली नाही असं सांगतं, आपण ओके दाबतो, वरून सेव्ह करतो, आणि टेस्टचा शेवटचा भाग उडतो. नेहमी कॉपीवर काम करा.

5. वेळेचा कॉलम 1 जानेवारी 1970 पासूनच्या मिलिसेकंदांत असतो, तोही यूटीसीने. आपली वेळ हवी तर साडेपाच तास मिळवा. हे विसरलं की सर्व्हरच्या लॉगशी ताळमेळ लागत नाही आणि भलत्याच वेळेचा दोष शोधत बसतो.

6. दोन मशीनवरून टेस्ट केली तर दोघांच्या पर्सेंटाइलची सरासरी काढू नका, तो आकडा चुकीचा असतो. कच्च्या फाइली एकत्र करा, मग पर्सेंटाइल काढा.

साहेबांना काय द्यायचं?

एकच पान. पण त्यात: लोड कसा दिला, प्रत्येक कॉलचा 95 वा पर्सेंटाइल, एररचं प्रमाण, आणि टेस्ट कोणत्या बिल्डवर, किती डेटावर केली. सगळ्यात वर साध्या मराठीत एक वाक्य: “मिनिटाला इतक्या ट्रकपर्यंत चालेल, त्यापुढे ऑर्डरची यादी अडेल.” क्लायंटला निर्णय घ्यायचा असतो, त्याला हे वाक्य लागतं. कच्ची फाइल सोबत जोडा, फक्त त्यात मोबाइल नंबर किंवा लॉगिनचे टोकन राहिले नाहीत ना, हे बघून.

दुसऱ्या वेळी आम्ही असाच रिपोर्ट दिला. त्यात एक ओळ लाल होती. साहेब पाच मिनिटं गप्प बसले, मग म्हणाले, “हे आधी का नाही दाखवलं?” उत्तर नव्हतं. ऑर्डरची यादी एकदम सगळी न आणता वीस-वीसची आणायला लागलो, तेव्हा ती ओळ हिरवी झाली.

सिक्युरिटीवाल्या मामांनी रजिस्टर मात्र अजून टेबलाच्या खणात ठेवलंय. मी काही बोललो नाही. भेटू पुढच्या एपिसोडला!