सूक्ष्मजीवांची तिसरी शाखा

डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवांना कोणत्या गटात बसवायचे? नेदरलँड्समधील डेल्फ्टचे कापड व्यापारी लेव्हेनहूक यांनी १६८३ मध्ये दातांवरचा पांढरा थर स्वतः घडवलेल्या भिंगातून पाहिला आणि त्यात त्यांना वळवळणारे जीव दिसले. असे जीव वनस्पती की प्राणी? १८६६ मध्ये जर्मनीतील हेकेल यांनी त्यांच्यासाठी ‘प्रोटिस्टा’ ही वेगळी सृष्टी सुचवली. पुढे पेशीत केंद्रक आहे की नाही, यावरून दोन मोठे गट पडले.

पण केंद्रक नसलेल्या गटातले बहुतेक जीवाणू दिसायला गोल, नाहीतर काडीसारखे. नुसत्या रूपावरून नाते कसे ओळखणार? अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात कार्ल वूज यांनी वेगळी वाट धरली. प्रथिने बनवणारे रायबोसोम प्रत्येक सजीवाच्या पेशीत असतात. त्यांतील आरएनए किरणोत्सारी करून, त्याचे तुकडे पाडून पसरवले, की क्ष-किरण फिल्मवर काळे ठिपके उमटत. वूज तासन्‌तास हे ठिपके ताडून पाहत. मिथेन तयार करणाऱ्या जीवांचा नमुना मात्र इतर जीवाणूंशी जुळेना. १९७७ मध्ये वूज आणि जॉर्ज फॉक्स यांनी ही सजीवांची तिसरीच शाखा असल्याचे जाहीर केले. अनेकांना ते पटायला वर्षे लागली. १९९० मध्ये वूज आणि सहकाऱ्यांनी जीवाणू, आर्किया (हीच ती तिसरी शाखा) आणि केंद्रकयुक्त पेशींचे जीव असे तीन महागट मांडले.

आपल्याकडच्या गोबरगॅसच्या टाकीत मिथेन तयार करतात, ते हे आर्कियाच.