भिंतीआड लपलो, तरी मेलो कसा?

ऑनलाइन नेमबाजीच्या गेममधली नेहमीची ओरड: ‘अरे, मी भिंतीआड गेलो होतो!’ खेळाडू खोटं बोलत नसतो. आपला संदेश सर्व्हरपर्यंत जाऊन उत्तर परत यायला लागणारा वेळ म्हणजे पिंग. फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो. सर्व्हर सिंगापूरला असेल, तर मुंबईपासूनचं अंतर ३,९०० किलोमीटरच्या आसपास; म्हणजे जाऊन-येऊन जवळपास ४० मिलिसेकंद तरी जाणारच. वाय-फायची दिरंगाई वेगळी. या उशिरामुळे समोरच्याने गोळी झाडली तेव्हा त्याच्या स्क्रीनवर तुम्ही अजून उघड्यावरच असता, आणि अनेक गेमचे सर्व्हर घड्याळ किंचित मागे नेऊन त्याला दिसलेलंच ग्राह्य धरतात. उपाय साधा: जवळचा सर्व्हर निवडा, वाय-फायऐवजी केबल जोडा. माउस आपटून पिंग उतरत नाही.