नवीकरणीय ऊर्जा, भोर व वेल्हे परिसरातील

सूर्यप्रकाश, वारा, वाहते पाणी, जैव पदार्थ इ. निसर्गात पुनःपुन्हा भरून येणाऱ्या साधनांपासून मिळणाऱ्या ऊर्जेस नवीकरणीय ऊर्जा म्हणतात. भारताने 2021 मध्ये ग्लासगो येथील परिषदेत 2070 पर्यंत निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणण्याचे उद्दिष्ट जाहीर केले. 2025 च्या मध्यास देशातील स्थापित विद्युत् क्षमतेपैकी निम्मी क्षमता बिगर-खनिज इंधनांची झाली. तथापि प्रत्यक्ष विजेपैकी सु. तीन चतुर्थांश वीज कोळशापासूनच मिळत होती. स्थापित क्षमता व प्रत्यक्ष उत्पादन यांतील हे अंतर कशामुळे पडते, हे पुणे जिल्ह्यातील भोर व वेल्हे (नवे नाव राजगड) या तालुक्यांच्या उदाहरणावरून समजते.

सह्याद्रीच्या माथ्यालगतच्या या प्रदेशात पाऊस विपुल पडतो. भोर तालुक्यात वेळवंडी नदीवरील भाटघर धरण 1928 मध्ये पूर्ण झाले. वेल्हे तालुक्यात आंबी नदीवर पानशेत व मोसे नदीवर वरसगाव ही धरणे आहेत. भाटघरचे पाणी नीरा कालव्यांसाठी अडविलेले असून तेथील 16 मेगॅवॉटचे वीजगृह धरणानंतर जवळजवळ अर्धशतकाने उभे राहिले. पानशेत व वरसगाव येथील वीजगृहे प्रत्येकी 8 मेगॅवॉटची आहेत. तिन्हींची मिळून क्षमता 32 मेगॅवॉट होते; कोराडी येथील कोळशावरील एकच संच 660 मेगॅवॉटचा आहे. शिवाय ही वीजगृहे विजेच्या मागणीनुसार चालत नाहीत. शेतीला किंवा पुणे शहराला पाणी सोडावयाचे असेल तेव्हाच ती फिरतात. वीज हे येथे पाण्याचे दुय्यम उत्पादन आहे.

पाण्यापासून मिळणारी ऊर्जा त्याच्या पतनाच्या उंचीवर अवलंबून असते. एक घनमीटर पाणी 40 मी. खाली पडल्यास जेमतेम 0.1 एकक (किलोवॉट-तास) वीज मिळते; 500 मी. पडल्यास 1.2 एकके. शेजारच्या मुळशी तालुक्यातील धरणाचे पाणी घाटाखाली भिरा येथे सोडले जाते, ते याच कारणाने. मात्र असे वळविलेले पाणी पूर्वेकडील शेतीला मुकते, आणि बुडालेल्या जमिनींसाठी सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली 1921 मध्ये सत्याग्रह झाला, हेही त्याच प्रकल्पाच्या हिशेबात धरावयास हवे.

सौर वीज दुपारी भरपूर मिळते, संध्याकाळी दिवे लागण्याच्या वेळी नाहीशी होते व पावसाळ्यात घटते. महाराष्ट्रातील पवनऊर्जा नेमकी पावसाळ्यात वाढते, त्यामुळे ऋतुमानातील तूट काहीशी भरून निघते. दिवसातील तूट भरून काढण्यास साठवण लागते. संचायक घटमालांप्रमाणेच उदंचन जलविद्युत् हा त्यासाठीचा एक मार्ग होय. दुपारच्या जादा विजेने खालच्या जलाशयातील पाणी वर चढवावयाचे व सायंकाळी ते पुन्हा खाली सोडावयाचे. अहिल्यानगर व ठाणे जिल्ह्यांच्या सीमेवरील घाटघर येथे असा 250 मेगॅवॉटचा प्रकल्प आहे. यात नवी ऊर्जा निर्माण होत नाही. खर्ची घातलेल्या पाच एककांपैकी सु. चार परत मिळतात, फक्त वेळ बदलते.

माथ्यावर धरणे व पश्चिमेस खोल कोकण अशी भूरचना असल्याने वेल्ह्याचा पश्चिम भाग या पद्धतीस अनुकूल आहे. तेच पाणी फिरवून वापरल्याने सिंचनाचा वाटा, बाष्पीभवनाची घट सोडल्यास, फारसा कमी होत नाही. जलाशय प्रथम भरण्यास लागणारे पाणी, वनजमीन आणि धरणांमुळे एकदा उठलेल्या गावांच्या उरलेल्या जमिनी हे मुद्दे मात्र प्रत्येक प्रकल्पागणिक वेगळे सोडवावे लागतात.