बिऱ्हाड पोचतं, घडी मागे राहते

पुण्याहून गुवाहाटीला बदली झाली की घरात बोलणं सुरू होतं ते ट्रकचं भाडं, खोकी आणि काचसामान यांवर. सगळा ताण जणू त्या सामानातच आहे, असं आपण धरून चालतो. टॉमस होम्स आणि रिचर्ड राहे या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांची १९६७ सालची यादी मात्र वेगळं सांगते. आयुष्यातल्या ४३ बदलांच्या ताणाचे गुण त्यांनी लोकांना विचारून ठरवले. जोडीदाराच्या मृत्यूला सर्वाधिक १००, तर घर बदलण्याला अवघे २०. पण त्याच यादीत राहणीमानातला बदल २५, मुलांच्या शाळेचा २०, करमणुकीचा १९, ऊठबशीचा १८, झोपेचा १६ आणि खाण्यापिण्याचा १५ गुणांचा आहे. लांबच्या बदलीत हे सहाही एकदम अंगावर येतात. त्यांची बेरीज ११३. बायकोला किंवा नवऱ्याला नोकरी सोडावी लागली तर आणखी २६. म्हणजे खरा भार सामानाचा नसून मोडलेल्या दिनक्रमाचा आहे.

यावर कुणी म्हणेल, साठ वर्षांपूर्वीच्या अमेरिकेतली ही बेरीज आपल्याला कशी लागू पडावी? शिवाय एकाला जाचणारी बदली दुसऱ्याला सुटका वाटते. आक्षेप रास्त आहे. आकडे तंतोतंत धरू नयेतच. परंतु मानसशास्त्रज्ञ रिचर्ड लाझारस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातही मानसिक त्रासाचा अंदाज मोठ्या घटनांपेक्षा रोजच्या कटकटींवरून अधिक चांगला येतो, असंच आढळलं. गुवाहाटीत जूनमध्ये साडेचारच्या सुमाराला उजाडतं, पुण्यापेक्षा जवळजवळ दीड तास आधी. सहाला उठणारं घर पहाटेच्या उजेडात कूस बदलत राहतं. कोपऱ्यावरच्या दुकानात मोहरीचं तेल पुढे येतं, नळाचं पाणी जड असेल तर डाळ शिजता शिजत नाही. यातलं एकही संकट नव्हे. पण दिवसातून दहा वेळा ठेच लागली की माणूस थकतोच.

‘पूर्वीचे लोक वळकटी आणि ट्रंक घेऊन देशभर फिरले, त्यांनी कधी कुरकुर केली नाही,’ हा दुसरा आक्षेप. त्यांची कुरकुर कुणी टिपून ठेवली नाही, हे एक. दुसरं, रेल्वेच्या किंवा लष्कराच्या वसाहतीत त्यांना बहुधा तयार शेजार मिळे. आज खासगी नोकरीतलं कुटुंब अनोळखी इमारतीत उतरतं. फोनवर माहेरची ख्यालीखुशाली कळते, विरजण मात्र फोनवर मागता येत नाही.

म्हणून क्रम उलटा लावावा. ट्रकला आठवडा किंवा जास्तही लागू शकतो, तेव्हा कुकर, दोन दिवसांचा मीठमसाला आणि मुलांची रोजची पांघरुणं सोबतच्या बॅगेत असू द्यावीत. दिवाणखान्याआधी झोपण्याच्या खोलीला जाड पडदे लावावेत, जेवणाची वेळ जुनीच ठेवावी आणि पहिल्या आठवड्यात शेजारच्या एका तरी दाराची बेल वाजवावी. वरणभात वेळेवर होऊ लागला आणि झोप लागू लागली, की कोपऱ्यातली बांधलेली खोकी महिनाभर तशीच राहिली तरी काही बिघडत नाही.