प्रक्षेपाचे गणित : दोन गती, एक काळ

एखादी वस्तू एकदा फेकली गेली आणि त्यानंतर तिच्यावर गुरुत्वाकर्षणाखेरीज दुसरे कोणतेही बल काम करीत नाही असे मानले, तर त्या वस्तूला भौतिकशास्त्रात प्रक्षेप्य म्हणतात आणि तिच्या प्रवासाला प्रक्षेप्य गती. कन्नड तालुक्यातील पिशोरच्या शिवारात ज्वारी-बाजरीची कणसे भरू लागली की पाखरे उडवण्यासाठी मचाणावरून सुटणारा गोफणगुंडा, रब्बीच्या गव्हावर फिरणाऱ्या स्प्रिंकलरच्या तोटीतून निघणारी पाण्याची धार, शाळेच्या मैदानावर पडणारा लोखंडी गोळा ही सारी या गतीची रोजची रूपे आहेत. तरीही अकरावी विज्ञानाच्या वर्गात हाच विषय उदाहरणांच्या रूपाने समोर आला, की चांगले गुण मिळवून आलेली मुलेही अडखळतात. हे अडखळणे बुद्धीच्या कमतरतेमुळे होत नाही. विषयाच्या मुळाशी असलेली एक साधी कल्पना पुरती रुजण्याआधीच सूत्रे हाती पडतात, हे त्याचे खरे कारण आहे.

राज्य मंडळाच्या नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात ‘गतीचे नियम’ आणि दहावीच्या पहिल्या भागात ‘गुरुत्वाकर्षण’ असे धडे आहेत. त्यांतून विद्यार्थ्याला वेग, त्वरण म्हणजे वेगात दर सेकंदाला होणारा बदल, आणि गतीची तीन समीकरणे यांची ओळख झालेली असते. पण तेथवरची बहुतेक गणिते एका सरळ रेषेवरची असतात. गाडी रस्त्याने पुढे जाते किंवा दगड सरळ खाली पडतो, त्यामुळे दिशेचा प्रश्न अधिक-उणे चिन्हांवर भागतो. अकरावीत मात्र वस्तू एकाच वेळी पुढेही जाते आणि वर-खालीही होते, म्हणजे गती रेषेवरून प्रतलात येते, आणि येथे वेग ही केवळ संख्या राहत नाही. परिमाण आणि दिशा अशी दोन्ही अंगे असलेल्या राशीला सदिश म्हणतात, आणि सदिशाचे परस्परांना लंब अशा दोन दिशांत विभाजन करता येते, या एका गोष्टीवर प्रक्षेपाचे सगळे गणित उभे आहे.

तिरप्या दिशेने फेकलेल्या दगडाच्या वेगाचे दोन घटक पाडता येतात : एक जमिनीला समांतर, म्हणजे क्षितिजसमांतर, आणि दुसरा सरळ वर जाणारा, म्हणजे ऊर्ध्व. गुरुत्वाकर्षण फक्त खाली ओढते, आडवे ओढत नाही. म्हणून क्षितिजसमांतर घटक सुरुवातीपासून शेवटपर्यंत तसाच राहतो, तर ऊर्ध्व घटक दर सेकंदाला ९.८ मीटर प्रतिसेकंद या प्रमाणात घटत जातो, माथ्यावर शून्य होतो आणि मग खालच्या दिशेने वाढत जातो. या दोन्ही गती एकमेकींची दखल घेत नाहीत. टेबलाच्या कडेवरून एक नाणे टिचकीने आडवे उडवले आणि त्याच क्षणी दुसरे तेथूनच नुसते खाली सोडले, तर दोन्ही नाण्यांचा जमिनीवर पडल्याचा आवाज एकदमच येतो, कारण आडव्या वेगाने पडण्याच्या काळात काहीच फरक पडत नाही. मात्र दोन्ही गती एकाच दगडाच्या असल्याने त्यांचा काळ एकच असतो. तो काळ हाच दोन समीकरणांमधला एकमेव दुवा आहे, आणि उदाहरण सोडवणे म्हणजे बहुतेक वेळा हा दुवा शोधून काढणे होय.

ही गोष्ट एका उदाहरणात जवळून पाहता येईल. जमिनीपासून ३ मीटर उंचीच्या मचाणावरून गोफणीचा दगड क्षितिजाशी ३०° कोन करून सेकंदाला २० मीटर वेगाने सुटला, असे समजावे. तो किती अंतरावर पडेल? पहिली पायरी आकृतीची : मचाण, जमीन, सुटण्याची दिशा आणि धन मानलेल्या दिशा कागदावर दाखवायच्या. दुसरी पायरी घटकांची : ३०° ची कोसाइन ०.८६६ असल्याने क्षितिजसमांतर घटक १७.३ मीटर प्रतिसेकंद येतो आणि साइन ०.५ असल्याने ऊर्ध्व घटक १० मीटर प्रतिसेकंद. तिसरी पायरी काळाची, आणि तीच सर्वांत महत्त्वाची. वरची दिशा धन मानली, तर दगड जमिनीवर पोहोचतो तेव्हा त्याचे ऊर्ध्व विस्थापन उणे ३ मीटर असते, कारण तो सुटला त्या पातळीच्या ३ मीटर खाली आलेला असतो. म्हणून समीकरण असे मांडले जाते : −३ = १० × काळ − ४.९ × काळ². हे वर्गसमीकरण सोडवल्यावर काळाच्या दोन किमती मिळतात, सुमारे २.३१ सेकंद आणि उणे ०.२७ सेकंद. चौथी पायरी सोपी आहे : १७.३ ला २.३१ ने गुणले की सुमारे ४० मीटर हे उत्तर येते.

उणे काळ आला की बहुतेक विद्यार्थी तो खोडून पुढे जातात, पण त्यालाही अर्थ आहे. समीकरणाला मचाण ठाऊक नसते. त्याला फक्त एक वक्र मार्ग ठाऊक असतो, आणि हाच मार्ग मागे वाढवला तर दगड सुटण्याच्या ०.२७ सेकंद आधी जमिनीच्या पातळीवर असता, एवढेच ते सांगते. हा अर्थ ज्याला उमगतो, त्याला कोणते उत्तर ठेवायचे आणि कोणते टाकायचे हे पाठ करावे लागत नाही.

याच उदाहरणात सर्वाधिक आढळणारी चूकही दडलेली आहे. पाठ्यपुस्तकात पल्ल्याचे, म्हणजे प्रक्षेपाने कापलेल्या आडव्या अंतराचे, एक सुटसुटीत सूत्र असते : वेगाचा वर्ग गुणिले दुप्पट कोनाची साइन, भागिले गुरुत्व त्वरण. वरच्या संख्या त्यात भरल्या तर उत्तर ३५.३ मीटर येते, म्हणजे खऱ्या उत्तरापेक्षा साडेचार मीटरहून अधिक कमी. सूत्र चुकीचे नाही. ते फक्त वस्तू सुटली त्याच पातळीवर परत येते तेव्हाच लागू पडते, आणि मचाण, गच्ची, कडा किंवा विहीर यांपैकी काहीही उदाहरणात आले की ती अट मोडते. सूत्र लक्षात राहते आणि अट विसरली जाते, येथेच गुण जातात. दुसरी नेहमीची चूक म्हणजे माथ्यावर दगडाचा वेग शून्य धरणे. माथ्यावर फक्त ऊर्ध्व घटक शून्य असतो, १७.३ मीटर प्रतिसेकंदाचा आडवा वेग तेथेही कायम असतो, आणि त्वरण तर तेथेही पूर्ण ९.८ असते.

उत्तर आल्यावर ते ताडून पाहण्याचा एक स्वतंत्र मार्ग ऊर्जेच्या नियमात मिळतो. ३ मीटर खाली उतरल्यामुळे वेगाच्या वर्गात २ × ९.८ × ३, म्हणजे ५८.८ ची भर पडते. सुरुवातीच्या वेगाचा वर्ग ४०० असल्याने जमिनीवर आपटताना तो ४५८.८ होतो आणि वेग सुमारे २१.४ मीटर प्रतिसेकंद निघतो. घटकांवरून गेले तर आपटतानाचा ऊर्ध्व वेग १२.६ आणि आडवा १७.३ येतो, आणि या दोहोंच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळही २१.४ च असते. दोन वेगळ्या वाटांनी एकच संख्या आली, की उत्तरावर विश्वास ठेवायला हरकत नसते.

पल्ल्याच्या सूत्रात येणाऱ्या दुप्पट कोनाच्या साइनचा धागा या भूमीतल्या गणिताशी जुळतो. कन्नडचा घाट उतरून खानदेशात गेल्यावर चाळीसगावजवळ पाटण हे ठिकाण लागते. तेथील १२०७ सालच्या शिलालेखात भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी स्थापलेल्या मठाची नोंद आहे, आणि हा लेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ मध्ये प्रकाशात आणला. १११४ साली जन्मलेल्या भास्कराचार्यांनी ११५० मध्ये ‘सिद्धान्तशिरोमणि’ हा ग्रंथ पुरा केला. त्यांच्या ‘ज्योत्पत्ति’ या प्रकरणात दोन कोनांच्या बेरजेची ज्या, म्हणजे आजच्या भाषेत साइन, काढण्याची रीत दिलेली आहे. ते दोन कोन समान घेतले, की दुप्पट कोनाची साइन मिळते. भास्कराचार्यांना ही रीत आकाशातील ग्रहांसाठी हवी होती. फेकलेल्या दगडासाठी ती वापरण्याची वेळ पुढे कित्येक शतकांनी आली. पल्ल्याच्या सूत्रातील साइनची सर्वांत मोठी किंमत दुप्पट कोन ९०° असताना येते, म्हणून सपाट जमिनीवर ४५° ला पल्ला सर्वाधिक असतो. आणि ३०° व ६०° यांसारख्या, बेरीज ९०° भरणाऱ्या कोनजोडीला पल्ला सारखाच मिळतो, फक्त मोठ्या कोनात दगड अधिक उंच जातो आणि अधिक काळ हवेत राहतो.

युरोपात हा प्रश्न तोफांमुळे ऐरणीवर आला. गोळा आधी सरळ जातो आणि जोर संपला की खाली कोसळतो, असा समज दीर्घकाळ होता. इटलीतील तार्तालिया याने १५३७ मध्ये ४५° ला पल्ला सर्वाधिक असतो असे मांडले, आणि गॅलिलिओने १६३८ मध्ये लायडन येथे छापलेल्या ग्रंथात दोन स्वतंत्र गतींची कल्पना घेऊन गोळ्याचा मार्ग अन्वस्त असतो, म्हणजे शंकू तिरपा कापल्यावर मिळणाऱ्या एका विशिष्ट वक्रासारखा असतो, हे सिद्ध केले. त्याच शतकातली, मागच्या टोकाला मेंढ्याचे मस्तक असलेली औरंगजेबाच्या काळातील मेंढा तोफ छत्रपती संभाजीनगरजवळच्या देवगिरी किल्ल्यावर आजही आहे. अशा एखाद्या तोफेचा गोळा सपाट जमिनीवर ३ किलोमीटर जावा, अशी कल्पना केली, तर ४५° कोनातही त्याला किमान १७१ मीटर प्रतिसेकंद वेग लागेल, तो जवळपास २५ सेकंद हवेत राहील आणि पल्ल्याच्या चौथ्या हिश्श्याएवढा, म्हणजे ७५० मीटर, उंच चढेल. अर्थात हवेचा विचार केला नाही तरच.

४५° हा नियमही सरसकट लागू पडत नाही, हे मैदानावरचा गोळा दाखवून देतो. सांगली जिल्ह्यातील सचिन खिलारी यांनी २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये एफ-४६ गटात १६.३२ मीटर गोळाफेक करून रौप्यपदक मिळवले. गोळा हातातून साधारण २ मीटर उंचीवर सुटतो असे धरले, तर एवढ्या अंतरासाठी लागणारा किमान वेग सुमारे ११.९ मीटर प्रतिसेकंद येतो आणि सर्वांत सोयीचा कोन ४५° ऐवजी ४१.५° निघतो, कारण खाली उतरण्यासाठी मिळालेल्या जादा काळाचा फायदा आडव्या वेगाला होतो. प्रत्यक्षात खेळाडू त्याहूनही कमी कोनात गोळा सोडतात. माणसाच्या शरीराला वरच्या दिशेपेक्षा पुढच्या दिशेने अधिक जोर लावता येतो, ही गोष्ट समीकरणात नसते.

हवेचा विरोध समजून घ्यायला स्प्रिंकलरइतके चांगले उदाहरण नाही. तोटीपाशी दर चौरस सेंटिमीटरला अडीच किलो दाब असेल, तर पाणी सुमारे २२ मीटर प्रतिसेकंद वेगाने बाहेर पडते. २७° कोन धरून पाठ्यपुस्तकी सूत्र लावले तर धार ४० मीटर लांब जायला हवी. शेतात मात्र नेहमीच्या तोटीचे पाणी १२ ते १५ मीटरवरच पडते. धार फुटून तिचे थेंब होतात, आणि थेंब जितका लहान तितके त्याच्या वजनाच्या मानाने हवेला अडवायला पृष्ठ अधिक. म्हणून बारीक थेंब लवकर मंदावून तोटीजवळ पडतात आणि जाड थेंब दूर जातात. जड लोखंडी गोळ्यावर हवेचा विरोध त्याच्या वजनाच्या एक टक्क्याहूनही कमी असतो, म्हणून तेथे तो सोडून देणे रास्त ठरते. वेगवान तोफगोळ्यावर मात्र तो फार मोठा असतो, हे बेंजामिन रॉबिन्स याने १७४२ मध्ये प्रयोगांनी दाखवले. ‘हवेचा विरोध नगण्य माना’ हे उदाहरणातले वाक्य म्हणूनच काळजीपूर्वक वाचावे लागते. ते उत्तराची हद्द आखून देते.

प्रवेश परीक्षांच्या तयारीत एका प्रश्नाला मिनिट-दीड मिनिट मिळते, आणि त्या घाईत सूत्रांचा तक्ता पाठ करणे हाच शहाणपणा वाटू लागतो. पण तक्ता फक्त ओळखीच्या उदाहरणापुरता साथ देतो. मचाण आले, उतार आला किंवा समोर भिंत आली की तो निरुपयोगी होतो, आणि घटक पाडून काळ शोधण्याची रीत मात्र प्रत्येक ठिकाणी चालते. यासाठी महागडी प्रयोगशाळा लागत नाही. मोजपट्टी, एक चेंडू आणि दर सेकंदाला ३० चित्रे टिपणारा मोबाइल एवढ्यावर पिशोरच्या कोणत्याही शाळेच्या मैदानात पल्ला आणि उड्डाणकाल मोजता येतो आणि वहीतल्या उत्तराशी ताडून पाहता येतो. शिक्षकांनी अकरावीच्या पहिल्या सत्रात निदान एक तास त्यासाठी काढावा, आणि विद्यार्थ्यांनी प्रत्येक उदाहरणात सूत्र आठवण्याआधी आकृती काढावी, वेगाचे दोन घटक लिहावेत आणि काळ शोधावा.