जेनिफर बायबलमध्ये नाही

'जेनिफर' हे नाव कानावर पडलं की आपल्याकडे दोन निष्कर्ष झटकन काढले जातात. मुलगी ख्रिश्चन असणार, आणि नाव बायबलमधलं असणार. पहिला निष्कर्ष एखाद्या मुलीपुरता खरा निघेलही. वसईत, वांद्र्यात, गोव्यात या नावाच्या मुली पुष्कळ आहेत. दुसरा मात्र साफ चूक आहे, आणि तो इतक्या खात्रीने सांगितला जातो की ऐकून वैताग येतो. चांगली शिकलेली माणसं बोलतात, नावांच्या पुस्तकांत छापून येतं, आणि एकालाही बायबल उघडून बघावंसं वाटत नाही. उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत सगळं वाचून काढा. मरीया आहे, मार्था आहे, रूथ, एस्तेर, हन्ना, सारा आहेत. जेनिफर कुठेच नाही. हिब्रू जुन्या करारात नाही, ग्रीक नव्या करारातही नाही. असणं शक्यच नव्हतं, कारण हे नाव ज्या भाषेतलं आहे ती पॅलेस्टाइनपासून हजारो मैल दूर, ब्रिटन बेटावर बोलली जात होती.

या गैरसमजाचं मूळ बहुधा 'जेनी'त आहे. इंग्रजीत जेनी हे मुळात जेनचं लाडाचं रूप. जेन आलं योहान्नावरून आणि योहान्ना हिब्रूतून. लूकच्या शुभवर्तमानात योहान्ना आहे, तेव्हा जेन आणि जुनी जेनी यांना बायबलचा आधार आहे, हे कबूल. पुढे जेनिफरलाही घरात जेनी म्हणू लागले आणि दोन वेगळ्या झाडांच्या फांद्या एकमेकींत गुंतल्या. पण जेनिफर म्हणजे जेनीचं लांबवलेलं रूप नव्हे. ते स्वतंत्र नाव आहे, आणि लाडाच्या जेनीशी त्याची गाठ फार उशिरा पडली.

"मग चर्चमध्ये बाप्तिस्म्याला चालतं कसं?" हा पुढचा प्रश्न ठरलेला. कॅथलिक चर्चच्या १९१७ च्या कायदेसंहितेत नावांबद्दल ७६१ क्रमांकाचं कलम होतं. मुलाला ख्रिस्ती नाव मिळेल याची काळजी धर्मगुरूने घ्यावी. आईवडील ऐकत नसतील तर त्यांच्या पसंतीच्या नावाला एखाद्या संताचं नाव जोडावं आणि नोंदवहीत दोन्ही लिहावीत, असं ते सांगत होतं. म्हणजे संताचं नसलेलं नाव घरोघरी ठेवलं जातं, हे खुद्द चर्चने तेव्हाच गृहीत धरलं होतं. १९८३ च्या नव्या संहितेतलं ८५५ वं कलम तर याहून सैल आहे. ख्रिस्ती भावनेला परकं वाटेल असं नाव ठेवू नये, एवढीच त्याची अपेक्षा. जेनिफर वेदीपर्यंत पोचली ती या वाटेने. एखादं नाव ख्रिस्ती घरात रुळलं म्हणजे ते ख्रिस्ती धर्मातून जन्मलं असं होत नाही.

ते जन्मलं ब्रिथॉनिक भाषेतून. रोमन लोक येण्याआधीपासून ब्रिटन बेटाच्या मोठ्या भागात ही भाषा बोलली जायची. आजची वेल्श, कॉर्निश आणि फ्रान्सच्या किनाऱ्यावरची ब्रेटन या तिच्याच मुली. जेनिफरचं वेल्श रूप ग्वेनहुइवार. आर्थर राजाच्या राणीचं हे नाव इंग्रजीत ग्विनिव्हिअर झालं, फ्रेंचमध्ये गनिएव्र आणि इटालियनमध्ये जिनेव्रा. ब्रिटनच्या नैऋत्य टोकाला, कॉर्नवॉलमध्ये त्याचं जेनिफर झालं.

राणीची ओळख आपल्याला असते ती नंतरच्या फ्रेंच कथांतून, लान्सलॉटच्या प्रेमप्रकरणासकट. वेल्श कथेतली राणी वेगळी आहे. 'कुल्हूख आणि ओल्वेन' ही साधारण ११०० च्या सुमाराची मानली जाणारी वेल्श कथा. तिच्यात आर्थर आपल्या तरुण नातेवाइकाला सांगतो, काय हवं ते माग, फक्त काही गोष्टी सोडून. त्या तो एकेक करून मोजतो: जहाज, अंगरखा, कलेडवुल्ख नावाची तलवार, भाला, ढाल, कार्नवेन्नन नावाचा खंजीर, आणि सगळ्यात शेवटी बायको ग्वेनहुइवार. खंजिराच्या नावातला 'वेन' आणि राणीच्या नावातला 'ग्वेन' हा एकच शब्द आहे. अर्थ पांढरा, गोरा, आणि पुढे जाऊन पवित्र किंवा धन्य.

इथे अर्थाबद्दलचा गैरसमज येतो. बाळांच्या नावांच्या याद्यांत जेनिफरचा अर्थ 'पांढरी लाट' असा बिनदिक्कत दिलेला असतो. यातलं 'पांढरी' बरोबर आहे. 'लाट' कुठून आली, हे ती यादी सांगत नाही. नावाचा दुसरा भाग उलगडायचा तर शेजारच्या आयर्लंडला जावं लागतं. आयरिश महाकथा 'टाइन बो कुलन्ये' मध्ये मेव्ह राणीची मुलगी आहे फिंदाव्हर. केल्टिक भाषांचे बहुतेक अभ्यासक मानतात की फिंदाव्हर आणि ग्वेनहुइवार ही एकाच नावाची दोन रूपं आहेत. हे आवाज सारखा वाटतो म्हणून ठोकून दिलेलं नाही. आयरिशमध्ये शब्दाच्या सुरुवातीला जिथे 'फ' येतो तिथे वेल्शमध्ये नेमाने 'ग्व' येतो. पांढरा म्हणजे आयरिशमध्ये 'फिंद', वेल्शमध्ये 'ग्विन', स्त्रीलिंगी 'ग्वेन'. वाईनला तिकडे 'फीन', इकडे 'ग्वीन'. तसंच आयरिश 'स'च्या जागी वेल्शमध्ये 'ह': जुना म्हणजे 'शेन' आणि 'हेन', मीठ म्हणजे 'सलन' आणि 'हालेन'. या हिशेबाने नावातला 'हुइवार' जाऊन भिडतो जुन्या आयरिशमधल्या 'शिअव्हर' या शब्दाला. त्याचा अर्थ छायारूप, मायावी देह, परलोकातली व्यक्ती.

म्हणजे जेनिफरचा अर्थ 'गोरी मायाविनी' असा काहीसा होतो. काही जण इंग्रजीतून 'पांढरं भूत' असं भाषांतर करतात आणि मुलीच्या आईला उगाच घाबरवतात. केल्टिक कथांतला परलोक हा भुताटकीचा प्रदेश नाही. तिथल्या बायका देखण्या, तेजस्वी आणि माणसांच्या आटोक्याबाहेरच्या असतात. आपल्याकडे त्या जागी यक्षिणी किंवा अप्सरा आठवावी. मुलीला अप्सरेचं नाव ठेवताना आपण कधी बिचकलो आहोत का?

लगेच कोणी म्हणेल, मग मूळ संस्कृतच! नाही. नातं आहे, पण ते चुलत बहिणींचं. आपला 'वीर', आयरिश 'फेर' आणि वेल्श 'गूर' हे एकाच इंडो-युरोपीय शब्दाचे वंशज आहेत. वेदातला 'सन', म्हणजे जुना, आणि वरचे 'शेन' नि 'हेन' हेही तसेच. यातलं कोणीच कोणाच्या पोटी जन्मलेलं नाही. जेनिफरची 'जननी'शी जोडलेली व्युत्पत्ती तर निव्वळ कानाचा खेळ आहे.

कानाचे खेळ युरोपातही कमी नाहीत. लिओनार्दोने १४७० च्या दशकात जिनेव्रा दे बेंचीचं चित्र काढलं आणि तिच्या डोक्यामागे जुनिपरचं दाट झुडूप रंगवलं, कारण इटालियनमध्ये जुनिपर म्हणजे 'जिनेप्रो'. ती चित्रकाराने केलेली कोटी होती. तिच्यावरून 'जेनिफर म्हणजे जुनिपर' असं मानणं चूक. पोर्तुगीजमध्ये 'जेनेब्रा' म्हणजे जिनिव्हा शहर, जिन हे मद्य आणि आर्थरची राणी, तिन्ही. तिघांची मुळं वेगवेगळी आहेत. पॅरिसची संत जेनेव्हिएव्ह हीदेखील जेनिफर नव्हे. तिचा ३ जानेवारीचा सण कोणी आपला मानला तर आनंदच आहे, पण नाव निराळं.

हे नाव बर्नार्ड शॉने घडवलं, असंही म्हणतात. त्याचं 'द डॉक्टर्स डिलेमा' नाटक १९०६ साली लंडनमध्ये रंगभूमीवर आलं, नायिका जेनिफर दुबेदात. तिचं नाव डॉक्टरला विचित्र वाटतं, तेव्हा ती स्वतःच सांगते की मी कॉर्नवॉलची, आणि हे तुमचं ग्विनिव्हिअरच आहे. शॉने नाव लंडनला ऐकवलं, एवढंच त्याचं श्रेय. कॉर्नवॉलमध्ये ते आधीपासून होतं. तिथली कॉर्निश भाषा अठराव्या शतकाच्या अखेरीस रोजच्या बोलण्यातून जवळपास गेली होती, आणि तिच्या पुनरुज्जीवनासाठी हेन्री जेनरने पुस्तक काढलं ते १९०४ मध्ये. मधल्या शंभरेक वर्षांत त्या भाषेतलं जे थोडं लोकांच्या तोंडी टिकलं, त्यात हे नाव होतं.

अमेरिकेत 'लव्ह स्टोरी' चित्रपटामुळे जेनिफरची लाट आली, ही आणखी एक आवडती गोष्ट. अमेरिकेच्या सोशल सिक्युरिटी विभागाच्या नोंदी पाहाव्यात. १९७० ते १९८४ अशी सलग पंधरा वर्षं मुलींच्या नावांत जेनिफर पहिलं होतं. चित्रपट झळकला डिसेंबर १९७० मध्ये, म्हणजे त्या वर्षीच्या बहुतेक जेनिफर तोपर्यंत जन्मल्याही होत्या.

मुंबईला हे नाव ओळखीचं झालं त्यात जेनिफर केंडलचा वाटा मोठा. 'शेक्सपिअराना' नाटकमंडळीत वाढलेली ही अभिनेत्री शशी कपूरची पत्नी झाली, आणि १९७८ साली दोघांनी जुहूला पृथ्वी थिएटर उभं केलं. तिथे नाटक बघायला जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं की ती इंग्लंडमध्ये जन्मली असली तरी तिचं नाव इंग्रजी भाषेतलं नाही.

शेवटी स्पेलिंगचं. गोव्यात आणि वसईत बऱ्याच जणी एकच 'एन' लिहितात, आणि शाळेत किंवा सरकारी खिडकीवर त्यांना 'स्पेलिंग चुकलंय' असं ऐकावं लागतं. काही पालक त्यासाठी प्रतिज्ञापत्रंही करून बसतात. कॉर्नवॉलमधलं पारंपरिक स्पेलिंग एका 'एन'चंच आहे. दाखल्यावर एकच 'एन' असेल तर तसाच राहू द्यावा. फक्त आधारपासून पासपोर्टपर्यंत सगळीकडे तोच आहे एवढं तपासून घ्यावं.