दातातले टायटॅनियम आणि संशय

१९५२ साली स्वीडनमध्ये पेर-इंगवार ब्रोनेमार्क सशाच्या हाडातील रक्तप्रवाह न्याहाळत होते. हाडात बसवलेले टायटॅनियमचे उपकरण काढू गेले, तर ते हाडाशी एकजीव झालेले! १९६५मध्ये याच धातूची मुळे एका रुग्णाच्या जबड्यात बसली आणि आजच्या दंतरोपणाला सुरुवात झाली.

टायटॅनियमवर आपोआप चढणाऱ्या ऑक्साइडच्या पातळ थरामुळे शरीर ते सहसा निमूटपणे स्वीकारते. मग रोपणानंतर पुरळ उठले, हिरडी सुजली, तर दोष कुणाचा? २००८च्या एका स्पॅनिश अभ्यासात १,५०० रुग्णांतून निवडलेल्या ३५ जणांच्या त्वचाचाचण्या झाल्या. ९ जणांत टायटॅनियमची अ‍ॅलर्जी आढळली. म्हणजे अंदाजे ०.६ टक्के. खोट्या दागिन्यांनी कान चिघळवणारे निकेल याहून कितीतरी जास्त जणांना त्रास देते, आणि ते रोपणावरच्या कॅपच्या मिश्रधातूतही असू शकते. सुजेमागे बहुधा जंतुसंसर्गच असतो; म्हणून आधी तो तपासावा.

टायटॅनियमसाठी सर्वमान्य, खात्रीची चाचणी अजून नाही. त्यामुळे ‘असे होतच नाही’ म्हणून रुग्णाला परत पाठवणे जितके चूक, तितकेच घट्ट रुजलेले रोपण नुसत्या संशयावरून उपटणेही. ते निघताना सोबत हाडही जाते.